२१४७४८३६४७ : एकाच आकड्याची गोष्ट, आणि तो तुमच्या फोनमध्ये काय करतोय

थर्ड इयरला असताना आमच्या कॉलेजच्या टेक्निकल फेस्टचं रजिस्ट्रेशन पेज मी बनवलं होतं. नाव, कॉलेज, मोबाईल नंबर आणि इव्हेंट, एवढीच माहिती भरायची. दोन रात्री जागून केलेलं काम. टेस्ट करताना स्वतःचा मोबाईल नंबर कशाला टाका, म्हणून मी घरच्या लँडलाईनचा टाकला. पुण्याचा, ०२० ने सुरू होणारा. डेटाबेसमध्ये बघितलं तर सुरुवातीचं शून्य गायब, बाकी नंबर बरोबर. म्हटलं, एका शून्याने काय होतंय. पेज लाईव्ह केलं.

फेस्टच्या चार दिवस आधी हॉल मिळेना, म्हणून कोडिंग स्पर्धा शनिवारवरून शुक्रवारवर आणावी लागली. सगळ्यांना फोन करून सांगायचं ठरलं. यादी काढायला मी डेटाबेस उघडला आणि बघतच राहिलो. नावं वेगळी, कॉलेजं वेगळी, पण मोबाईल नंबर सगळ्यांचा एकच: २१४७४८३६४७.

आधी वाटलं कुणीतरी मस्करी केली. पण भारतात मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, २ ने नाही. म्हणजे हा आकडा मुलांनी टाकलेला नव्हता. तो कॉम्प्युटरने टाकला होता. आणि मुलांनी टाकलेले खरे नंबर कुठेच उरले नव्हते.

शनिवारी सकाळी सांगलीहून रात्रीच्या एसटीने आलेली चार मुलं गेटवर उभी होती. त्यांची स्पर्धा आदल्या दिवशीच होऊन गेली होती. त्यांच्यातला एक जण एवढंच म्हणाला, "दादा, एक फोन तरी करायचा ना."

त्या दिवसापासून हा आकडा माझ्या डोक्यात बसला आहे. तो नक्की आहे कोण, हे शोधायला गेलो तेव्हा अडीचशे वर्षं मागे, एका जवळजवळ अंध झालेल्या गणितज्ञापर्यंत जाऊन पोचलो. ती सगळी गोष्ट आज सांगतो.

हा आकडा येतो कुठून?

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहू: २,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दिसायला अगदी कसाही आहे. पण तो आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणून तसा दिसतो. कॉम्प्युटर तो असा बघतो:

१११११११११११११११११११११११११११११११

मोजून ३१ वेळा एक.

कॉम्प्युटरकडे संख्या ठेवायला घरं असतात. एका घराला बिट म्हणतात आणि त्यात ० किंवा १ एवढंच मावतं. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये साध्या पूर्णांकाला, म्हणजे 'इंट'ला, ३२ घरं मिळतात. त्यातलं पहिलं घर संख्या धन की ऋण हे सांगायला जातं. उरली ३१. त्या सगळ्यांत १ भरला की झाली सगळ्यात मोठी संख्या. यात आणखी १ मिळवला तर हातचा पुढे पुढे सरकत जातो आणि ३१ शून्यांच्या पुढे एक १ येतो. तो म्हणजे २ चा ३१ वा घात. म्हणून आपला आकडा झाला २^३१ − १.

आता त्या पहिल्या घराची गंमत बघा. संख्या वाढत वाढत या टोकाला पोचली आणि तुम्ही आणखी १ मिळवलात, तर हातचा थेट चिन्हाच्या घरात घुसतो आणि जावासारख्या भाषेत उत्तर येतं −२१४७४८३६४८. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९९९९ नंतर ००००० वर यायचा, तसंच. फक्त इथे काटा शून्यावर न येता शून्याच्या खाली, पार तळाला जातो.

माझ्या डेटाबेसने असं केलं नव्हतं. मी मोबाईल नंबरच्या रकान्याला 'इंट' हा प्रकार दिला होता. आम्ही घेतलेल्या स्वस्त होस्टिंगवर मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड बंद होता. अशा वेळी तो मोठी संख्या नाकारत नाही, तर रकान्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या लिहून मोकळा होतो. दहा अंकी भारतीय मोबाईल नंबर किमान ६०० कोटींचा असतो, म्हणजे या मर्यादेपेक्षा मोठाच. त्यामुळे एकही वाचला नाही.

आणि माझी टेस्ट पास का झाली? पुण्याचा लँडलाईन नंबर ०२० नंतर आठ अंक. पुढचं शून्य गेलं की उरतो २० ने सुरू होणारा दहा अंकी आकडा, म्हणजे दोनशे कोटींच्या थोडा वर आणि २१४ कोटींच्या खाली. तो मावला! घर मुंबईला असतं तर ०२२ मुळे २२० कोटींचा आकडा झाला असता आणि चूक पहिल्याच मिनिटाला पकडली गेली असती.

मूळ संख्या आहे, पण हे कळलं कसं?

इथपर्यंत कॉम्प्युटरची गोष्ट झाली. आता गणिताची. २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे. तिला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही.

३१ एक ओळीने लिहिल्यावर मूळ संख्या मिळणं ही साधी गोष्ट नाही. समजा सहाच एक घेतले: १११११११ मधला एक कमी, म्हणजे १११११११ नव्हे, ११११११. द्विमान पद्धतीत हे झाले ६३. सहा एकांचे तीन-तीनचे दोन गट पडतात, १११ आणि १११. म्हणून त्याला १११ ने, म्हणजे ७ ने, भाग जातो. दोन-दोनचे तीन गटही पडतात, म्हणून ११ ने, म्हणजे ३ ने, पण भाग जातो. एकांची संख्या समान गटांत वाटता आली की मूळ संख्या मिळण्याची आशा संपली. ३१ हा स्वतःच मूळ असल्यामुळे ३१ एकांचे असे गट पडत नाहीत.

पण तेवढं पुरत नाही. ११ सुद्धा मूळ आहे, तरी २^११ − १ म्हणजे २०४७ = २३ × ८९. म्हणजे खात्री करायला भाग देऊनच बघावं लागतं.

फ्रान्सचे मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये एक यादी दिली होती: घात कुठला घेतला की २ च्या घातातून १ वजा करून मूळ संख्या मिळते. यादीत ३१ होता. मात्र यादीत चुकाही होत्या. ६७ आणि २५७ चुकून आत आले होते, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. अशा संख्यांना आजही मर्सेन मूळ संख्याच म्हणतात. ३१ बद्दलचा पुरावा द्यायला लेओनहार्ड ऑयलर यावे लागले. १७७२ मध्ये त्यांचा निकाल छापून आला. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गमध्ये होते, पासष्टीच्या आसपास, आणि त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती.

कॅल्क्युलेटर नाही, डोळे नाहीत. मग केलं कसं?

शाळेतला नियम आठवा: वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघितला की पुरे. आपल्या आकड्याचं वर्गमूळ ४६,३४० च्या थोडं वर आहे. तिथपर्यंत साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार हाताने करायचे म्हणजे कठीणच.

ऑयलरने आधी विचारलं, याला भाग गेलाच तर कसल्या संख्येने जाऊ शकतो? समजा प ही मूळ संख्या आहे आणि तिने २^३१ − १ ला भाग जातो. म्हणजे २^३१ ला प ने भागलं की बाकी १ उरते. २ चे घात एकामागून एक घेऊन प ने भागत गेलात तर बाक्या फेरी मारल्यासारख्या परत परत येतात, आणि इथे ती फेरी बरोबर ३१ पावलांची आहे. फर्माच्या नियमाप्रमाणे प − १ पावलांनंतरही बाकी १ च यायला हवी. म्हणजे प − १ मध्ये ३१ च्या पूर्ण फेऱ्या बसल्या पाहिजेत. शिवाय प विषम, म्हणून प − १ सम. एकूण काय, प − १ ला ६२ ने भाग गेलाच पाहिजे.

दुसरा एक नियम सांगतो की अशा प ला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च येते. दोन्ही अटी एकत्र केल्या की प हा २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून तयार झालेला असतो. खात्री करायची तर वरचं छोटं उदाहरण बघा. २०४७ चे भाजक २३ आणि ८९. दोन्हींतून १ वजा करा, २२ आणि ८८, दोन्हींना २२ ने भाग जातो. ८ ने भागल्यावर बाक्या ७ आणि १. नियम बरोबर लागू पडतो.

४६,३४० पर्यंत अशा संख्या उरतात फक्त ३७२, सुरुवातीचा ६३ सोडून. त्यातही २४९, ४९७, ५५९, ७४५ अशा अनेक स्वतःच मूळ नाहीत, त्या आपोआप गळतात. राहिलेल्यांनी भाग जात नाही हे बघितलं की काम संपलं. हजारो भागाकारांची गोष्ट एका माणसाच्या आवाक्यात आली. कोड फास्ट करायचा म्हणजे मशीन बदलायचं असं आपल्याला वाटतं. ऑयलरने मशीनशिवाय आधी नको असलेलं काम काढून टाकलं.

तुमचा प्रोग्रॅम ऑयलरला चूक ठरवू शकतो

हे करून बघाच. संख्या मूळ आहे का हे तपासणारा प्रोग्रॅम आपण सगळ्यांनी पहिल्या वर्षाला लिहिलेला असतो. आय २ पासून सुरू करा, 'आय गुणिले आय' हे दिलेल्या संख्येपेक्षा मोठं होईपर्यंत लूप चालवा, मध्ये कुठे भाग गेला तर 'मूळ नाही' म्हणा.

जावामध्ये आयला 'इंट' ठेवून हाच प्रोग्रॅम २१४७४८३६४७ वर चालवा. जरा वेळ घेईल आणि सांगेल: मूळ नाही!

का? आय ४६,३४० पर्यंत सगळं ठीक. पुढचा ४६,३४१. त्याचा वर्ग २,१४,७४,८८,२८१, म्हणजे मर्यादेच्या पलीकडे. काटा फिरतो आणि कॉम्प्युटरला तो वर्ग −२१४७४७९०१५ दिसतो. ऋण संख्या आपल्या आकड्यापेक्षा लहानच, म्हणून लूप थांबत नाही. खरं तर तो थांबूच शकत नाही, कारण कुठलाही 'इंट' या आकड्यापेक्षा मोठा असणं शक्यच नाही. शेवटी आय वाढत वाढत २१४७४८३६४७ वर येतो, संख्येला स्वतःनेच भाग जातो, आणि प्रोग्रॅम खुशीत 'मूळ नाही' सांगतो.

उपाय सोपा आहे. आय 'लाँग' ठेवा, किंवा गुणाकाराऐवजी 'आय हा संख्या भागिले आय एवढा किंवा त्याहून लहान आहे का' असं विचारा. भागाकाराने आकडा लहान होतो, त्यामुळे मर्यादा ओलांडली जात नाही.

"याचा उपयोग काय?"

हा प्रश्न जुना आहे. ऑयलरच्या या मूळ संख्येला २^३० ने गुणलं की एक परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतः सोडून बाकी सगळ्या भाजकांची बेरीज केली की ती संख्याच परत येते. ६ = १ + २ + ३ ही सगळ्यात लहान. ऑयलरची आठवी: २३०५८४३००८१३९९५२१२८. इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ च्या पुस्तकात लिहिलं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही, कारण या संख्या फक्त कुतूहलाच्या, उपयोगाच्या नाहीत, मग कोण कशाला शोधत बसेल!

दोन्ही गोष्टी चुकल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली मर्सेन मूळ संख्या २^१३६२७९८४१ − १ आहे. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत, आणि तिच्यापासूनही परिपूर्ण संख्या बनते.

उपयोगाचं म्हणाल तर हे बघा. १ घ्या, १६,८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा आणि बाकी ठेवा. त्या बाकीवर परत तेच करा. आकडे येतात १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, आणि पुढे चालूच. १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा बरोबर एकदा येतो आणि मगच फेरी पहिल्यावर येते. भाजक मूळ संख्या नसता तर अशी पूर्ण फेरी मिळालीच नसती. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये ही पद्धत 'किमान एवढं तरी वापरा' म्हणून सुचवली, आणि सी प्लस प्लसच्या लायब्ररीत ती आजही आहे. फासे टाकणं, पत्ते पिसणं अशा कामांना ती चालते. पासवर्ड किंवा ओटीपी बनवायला मात्र चुकूनही वापरू नका. एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

१९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं

डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबने सांगितलं की 'गंगनम स्टाइल'चे व्ह्यूज २१४७४८३६४७ च्या पुढे गेल्यामुळे मोजणी ६४ बिटवर न्यावी लागली. ती बातमी मजेची होती. पुढची नाही.

कॉम्प्युटर वेळ सेकंदांत मोजतात, १ जानेवारी १९७० पासून. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा आकडा १७० कोटींवर गेला. जिथे तो ३२ बिटच्या 'इंट'मध्ये ठेवला आहे, तिथे शेवटचा सेकंद येईल मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८:४४:०७ ला. त्यानंतर काटा फिरला की तारीख थेट डिसेंबर १९०१.

२०३८ अजून लांब आहे असं म्हणू नका. २०२५ मध्ये घेतलेलं १५ वर्षांचं कर्ज २०४० मध्ये संपतं. म्हणजे शेवटच्या हप्त्याची तारीख काढणारा प्रोग्रॅम या मर्यादेला आजच धडकतो. मे २००६ मध्ये एओएलसर्व्हर नावाचं सॉफ्टवेअर असंच कोसळलं होतं. 'कधीच टाईमआऊट नको' म्हणून त्यात १०० कोटी सेकंद दिले होते, आणि 'आत्ता अधिक १०० कोटी' ही बेरीज त्या महिन्यात मर्यादेपलीकडे गेली.

आजचे ६४ बिट फोन वेळ ६४ बिटमध्ये ठेवतात. तिथली मर्यादा २९२ अब्ज वर्षं पुढची आहे, त्यामुळे तुमचा नवा फोन बंद पडेल अशी भीती नको. लिनक्सनेही २०२० मध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीत जुन्या ३२ बिट मशीनसाठी सोय केली. धोका आहे तो एकदा बसवून विसरलेल्या उपकरणांत, जुन्या डेटाबेसच्या रकान्यांत, आणि आपण स्वतः घाईत लिहिलेल्या कोडमध्ये.

जाता जाता एक. ६४ बिटचा सगळ्यात मोठा 'लाँग' म्हणजे ६३ एक. ६३ एकांचे तीन-तीनचे गट पडतात, म्हणून त्याला ७ ने भाग जातो. तो मूळ नाही. आपला ३१ एकांचा आकडा मूळ निघाला हा कॉम्प्युटरवाल्यांसाठी निव्वळ योगायोग.

मग करायचं काय?

मोबाईल नंबर, आधार, पिन कोड, पीआरएन यांना संख्या म्हणून ठेवू नका, मजकूर म्हणून ठेवा. दोन फोन नंबरांची बेरीज कुणी करत नाही, आणि मजकुरात पुढचं शून्यही टिकतं. मोजणी वाढत जाणार असेल तर सुरुवातीपासून मोठा पूर्णांक घ्या. टेस्ट करताना खऱ्या लोकांकडून येईल तसलाच डेटा टाका. आणि कुठल्याही रिपोर्टमध्ये, गुणपत्रिकेत, यादीत २१४७४८३६४७ दिसला तर लगेच थांबा. तिथे कुणाची तरी खरी माहिती होती आणि ती गेलेली आहे.

मला तेव्हाही एक इशारा मिळाला होता. टेस्ट करताना पुढचं शून्य गायब झालं, तेव्हाच कळायला हवं होतं की डेटाबेस माझ्या फोन नंबरला फोन नंबर समजत नाहीये. मी 'एका शून्याने काय होतंय' म्हणालो. सांगलीच्या त्या मुलांना त्यादिवशी आम्ही रोबोटिक्सच्या स्पर्धेत घेतलं, दुपारी जेवू घातलं आणि संध्याकाळच्या एसटीत बसवून दिलं. स्पर्धा मात्र परत घेता आली नाही.